आधी गोळी सापडली, कारण मागाहून शोधलं



मागच्या महिन्यात आमच्या रेडिओच्या गटातल्या दोघी एका बचत गटाच्या मीटिंगला गेल्या होत्या. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा झाला. सगळ्या उठल्या तेव्हा एक ताई मागे रेंगाळल्या. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, तुम्हीही ओळखायला जाऊ नका. वर्षभरापासून त्या मनाच्या आजारावर गोळी घेतात. त्या म्हणाल्या :

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमच्या मेंदूतलं एक रसायन कमी झालंय, गोळीनं ते भरून निघेल. ऐकून मला हायसं वाटलं. सासूबाई म्हणायच्या, काम नको म्हणून सोंग करते. त्यांना म्हटलं, सोंग नाही, रसायन कमी आहे. त्या गप्प बसल्या. आता भाचा म्हणतो, मोबाईलवर आलंय, ते रसायनाचं सगळं खोटं निघालं. मग मी सोंगच करत होते का? आणि ही गोळी कशाला खायची?"

गोळ्यांची पट्टी त्यांनी चार दिवसांपूर्वीच डब्यात टाकून ठेवली होती. चक्कर येत होती, चिडचिड होत होती.

त्या दिवशी आम्ही एवढंच म्हणालो, "ताई, गोळी अशी एकदम थांबवू नका, उद्याच डॉक्टरांना भेटा. बाकीचं आम्ही वाचून, समजून सांगतो." आजचा हा कार्यक्रम म्हणजे त्या ताईंना दिलेलं उत्तर. ते द्यायचं तर सत्तर वर्षं मागे जावं लागेल. कारण ही गोळी कशी सापडली आणि रसायनाची गोष्ट तिला कधी चिकटली, हे कळल्याशिवाय खरं काय नि खोटं काय ते नीट निवडता येत नाही.

गोळीच्या आधी

नैराश्य म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे. पीक गेलं, घरातलं माणूस गेलं तर रडू येणारच. तो आजार नाही. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसभर मन बुडालेलं राहतं. कशातच जीव लागत नाही. पहाटे तीनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही. भूक जाते, नाहीतर उगाच खात सुटतो. भाकरी थापायला बसलं तरी हात उचलत नाही. आपण कुणाच्याच कामाचे नाही, मेलेलं बरं, असं वाटायला लागतं. असं झालं की त्याला आजार म्हणतात. आपल्या बाया दवाखान्यात जाऊन 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत. अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, टेन्शन आहे, असंच सांगतात.

१९५० सालापर्यंत या आजारावर आजच्यासारखी गोळी नव्हती. मोठ्या इस्पितळांत विजेचे झटके देत. तो उपचार १९३८ साली इटलीत सुरू झाला. आज तो भूल देऊन करतात आणि गंभीर आजारात त्याचा उपयोगही होतो. बाकी झोपेची औषधं, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंती. घरात असेल तर बाई आळशी ठरायची, नाहीतर तिला बाहेरचं लागलंय म्हणायचे.

क्षयाच्या दवाखान्यात

पहिली गोळी सापडली ती मनाच्या आजारासाठी नव्हेच, क्षयासाठी, म्हणजे टीबीसाठी.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात स्टेटन आयलंड नावाचं बेट आहे. तिथे सी व्ह्यू नावाचं क्षयाचं मोठं रुग्णालय होतं. तिथल्या परिचारिका बहुतेक कृष्णवर्णीय होत्या. संसर्गाच्या भीतीने गोऱ्या परिचारिका नोकरी सोडून गेल्या, तेव्हा या बायांना दक्षिणेकडच्या राज्यांतून बोलावून घेतलं होतं. मरणाच्या दारात टेकलेल्या माणसांना भरवणं, पुसणं, उठवून बसवणं हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

१९५२ च्या सुमाराला तिथे दोन नवी औषधं देऊन पाहत होते : आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड. पहिलं औषध तुमच्यातल्या काहींच्या ओळखीचं असेल. क्षयाच्या गोळ्यांत ते आजही असतं. औषध सुरू झालं आणि महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली माणसं उठून बसली. खायला मागू लागली. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. बरं वाटलं म्हणून आनंद झाला, हे खरंच. पण इप्रोनियाझिड घेणाऱ्यांचा उत्साह त्याहून जास्त दिसत होता.

नेथन क्लाइन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने विचार केला, क्षय नसलेल्या पण मन बुडालेल्या माणसाला हे दिलं तर? तो न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड इस्पितळात काम करायचा. १९५७ साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी आपले निष्कर्ष मांडले. फायदा दिसत होता. औषध क्षयासाठी बाजारात आधीच होतं, त्यामुळे डॉक्टरांनी ते लगेच लिहून द्यायला सुरुवात केली. वर्षभरात सुमारे ४ लाख लोकांनी ते घेतलं असं सांगतात. मग काहींना कावीळ झाली, यकृत बिघडलं, आणि काही वर्षांतच अमेरिकेत ते मागे घ्यावं लागलं.

या जातीच्या औषधांचा आणखी एक धोका उघडकीला आला तो एका बाईच्या डोकेदुखीमुळे. इंग्लंडमधल्या एका औषधनिर्मात्याच्या लक्षात आलं की आपली बायको या गोळ्या घेते आणि चीज खाल्लं की तिचं डोकं भयंकर ठणकतं. त्याने लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरला पत्र लिहिलं. आधी डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं. पण तपासल्यावर १९६३ साली कळलं की ते खरं आहे. मुरवलेल्या चीजमधला एक पदार्थ एरवी पोटातच नष्ट होतो. या गोळीमुळे तो तसाच रक्तात जातो, रक्तदाब एकदम चढतो आणि जीवही जाऊ शकतो. औषध घेतल्यावर आपल्याला काय होतं ते बाईने सांगावं आणि ऐकणाऱ्याने ते ऐकावं, यानेच पुढे कितीतरी जीव वाचले.

स्वित्झर्लंडमधली दुसरी वाट

याच काळात स्वित्झर्लंडमध्ये एका तळ्याकाठच्या म्युन्स्टरलिंगेन गावच्या मनोरुग्णालयात रोलांड कून नावाचे डॉक्टर एक नवं औषध तपासत होते. ते भास-भ्रमाच्या आजारासाठी बनवलेलं होतं. त्या आजारावर ते चाललं नाही. उलट काही रुग्ण जास्तच खवळले. दुसरा कुणी असता तर बाटली परत पाठवून मोकळा झाला असता. कून आणि कंपनीची माणसं यांनी ठरवलं, नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहू. जानेवारी १९५६ मध्ये एका स्त्रीला ते सुरू केलं. थोड्याच दिवसांत तिची मरगळ गेली, ती माणसांत आली. मग आणखी रुग्णांना दिलं. औषधाचं नाव इमिप्रामिन.

सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या जागतिक परिषदेत कून यांनी हे सांगितलं, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती. पण औषध टिकलं. त्याच्या कुळातलं अमिट्रिप्टिलिन आजही आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात मिळतं.

एक गोष्ट लपवू नये. त्या काळी रुग्णांना नीट विचारून, त्यांची संमती घेऊन औषधं तपासत नसत. म्युन्स्टरलिंगेनमध्ये काय झालं याची पुढे इतिहासकारांनी चौकशी केली, तेव्हा कित्येक रुग्णांवर त्यांना न सांगता औषधं तपासली गेली होती, असं समोर आलं. आज आपल्याला मिळणाऱ्या गोळीमागे अशा न विचारलेल्या माणसांचाही वाटा आहे.

आता बघा. १९५७ सालापर्यंत दोन औषधं हाती आली होती. दोन्ही दुसऱ्याच आजारासाठी बनवलेली. दोन्ही सापडली ती खाटेवरच्या माणसाकडे डोळे उघडे ठेवून पाहिल्यामुळे. ती का चालतात, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

रक्त, आतडं आणि शिंपला

आता त्या रसायनाकडे वळू. त्याचं नाव सेरोटोनिन.

इटलीतल्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात आतड्यात एक पदार्थ सापडला. त्याने आतड्याचे स्नायू आवळायचे. पुढे १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड इथे तिघांनी गुरांच्या रक्तातून एक पदार्थ वेगळा काढला. त्याने रक्तवाहिन्या आवळत होत्या. त्या तिघांत अर्डा ग्रीन नावाची एक स्त्री शास्त्रज्ञ होती. रक्तातल्या पाण्यासारख्या भागाला सीरम म्हणतात, त्यावरून नाव पडलं सेरोटोनिन. नंतर कळलं की आतड्यातला आणि रक्तातला पदार्थ एकच आहे.

तो मेंदूतही आहे हे दाखवलं बेटी ट्वारोग या तरुणीने. ती समुद्रातल्या शिंपल्यांचा अभ्यास करत होती. कोकणातल्या आपल्या मैत्रिणी तिसऱ्या उकडतात ना, तसे दोन शिंपांत मिटून बसणारे जीव. शिंपल्याचा घट्ट आवळून राहणारा एक स्नायू सैल कशाने पडतो, हे शोधताना तिला सेरोटोनिन भेटलं. तिला वाटलं, शिंपल्याच्या नसांत हे आहे तर मोठ्या प्राण्यांच्या मेंदूतही असेल. क्लीव्हलँडला जाऊन तिने तपासलं आणि १९५३ साली ते छापून आलं : मेंदूत सेरोटोनिन आहे.

आपल्या अंगातलं बहुतेक, म्हणजे शंभरातलं नव्वद भाग सेरोटोनिन आतड्यात असतं. मेंदूत थोडंच. तिथे ते निरोप्याचं काम करतं. एक पेशी ते सोडते, पुढची पेशी निरोप घेते, मग पहिली पेशी उरलेलं परत ओढून घेते. झोप, भूक, वेदना, मनाची स्थिती अशा अनेक गोष्टींत त्याचा हात आहे. म्हणून त्याला नुसतं 'आनंदाचं रसायन' म्हणणं बरोबर नाही.

आपली सर्पगंधा

मेंदूतलं हे रसायन आणि मनाचं बुडणं यांची गाठ बांधली गेली, त्यात आपल्या मातीतल्या एका मुळीचा हात आहे.

सर्पगंधा आपल्या वैदूंना फार जुनी ठाऊक. बिहारकडे ती 'पागल की दवा' म्हणून विकत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की या मुळीने खवळलेला रोगी शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात त्या छापल्या. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार डॉ. वकिलांना मिळाला, आणि त्याच वर्षी नेथन क्लाइन यांनाही.

१९५५ साली अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेत बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सोबत्यांना दिसलं की रेसर्पिन दिलं की जनावराच्या मेंदूतलं सेरोटोनिन घटतं. इकडे रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काहीजण उदास होतात, असं डॉक्टर सांगत होते. तिकडे इप्रोनियाझिड सेरोटोनिन टिकवून ठेवतं, ते नष्ट होऊ देत नाही, असं कळलं होतं. इमिप्रामिन हे निरोपे परत ओढून घेण्याचं काम रोखतं, हेही पुढे ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि इतरांच्या कामातून उघड झालं.

सगळं कसं जुळून आलं! घटलं की उदासी, वाढलं की उत्साह. मग नैराश्य म्हणजे हे रसायन कमी पडणं, असंच असणार. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रिनॅलिन या दुसऱ्या निरोप्याबद्दल असा तर्क मांडला. १९६७ मध्ये इंग्लंडच्या ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनकडे बोट दाखवलं. तो त्यांचा तर्क होता, तपासून पाहण्यासाठी मांडलेला.

या जुळणीत न बसणारी माहितीही तेव्हाच होती. १९५५ सालीच लंडनच्या दोन डॉक्टरांनी चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांना रेसर्पिन देऊन पाहिलं, तर ते बिघडण्याऐवजी त्यांना बरं वाटलं होतं. त्या शोधनिबंधाकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

तर्काची जाहिरात झाली

सेरोटोनिनवरच नेमकं काम करणारं औषध बनवायचं, असं शास्त्रज्ञांनी ठरवलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांच्या कामातून झिमेलिडिन आलं. १९८२ मध्ये ते बाजारात आलं आणि काहींना नसांचा गंभीर आजार झाल्यामुळे पुढच्याच वर्षी मागे घेतलं गेलं. दरम्यान अमेरिकेतल्या एका कंपनीत १९७२ साली फ्लुऑक्सेटिन तयार झालं होतं. २९ डिसेंबर १९८७ रोजी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. तिथे त्याचं नाव प्रोझॅक.

जुन्या औषधांपेक्षा ते सुरक्षित होतं. चीज चालत होतं, हृदयाला धोका कमी होता, कुणी जास्त गोळ्या घेतल्या तरी जीव जाण्याची भीती पुष्कळ कमी. हा फायदा मोठाच होता. पण गोळीबरोबर गोष्टही विकली गेली. मार्च १९९० मध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ही कॅप्सूल झळकली. अमेरिकेत औषधांच्या जाहिराती टीव्हीवर येतात. मेंदूतली रसायनं बिघडतात, गोळी ती सावरते, असं चित्र काढून घरोघरी दाखवलं गेलं. तर्काचं बघता बघता सत्य झालं. तिथून ते जगभरच्या दवाखान्यांत पोचलं आणि आपल्या ताईंच्या डॉक्टरांच्या तोंडीही आलं. त्यांनी काही मुद्दाम फसवलं नाही. दोन मिनिटांत समजवायला ती गोष्ट सोपी होती. आणि खरं सांगायचं तर तिने रुग्णांचं एक भलंही केलं. तुमचा दोष नाही, हा आजार आहे, असं म्हणायला एक आधार दिला.

कॅम्बरवेलच्या बाया

पण या गोष्टीने एक गोष्ट झाकली. प्रयोगशाळेत रसायनं मोजली जात होती, तेव्हाच लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राऊन आणि तिरिल हॅरिस हे दोघे संशोधक घरोघरच्या बायकांशी बोलत होते. १९७८ साली त्यांचं पुस्तक आलं. मोठा आघात झाल्यावर कोणत्या बाया जास्त कोसळतात? ज्यांना जवळचं, मन मोकळं करावं असं माणूस नाही त्या. घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं आहेत त्या. बाहेर कामधंदा नाही त्या. आणि अकरा वर्षांची व्हायच्या आधी जिची आई गेली ती.

मैत्रिणींनो, लंडनच्या बायांबद्दलचं हे आपल्याच वाड्यावस्त्यांवरचं वाटतं की नाही? रसायन कमी आहे म्हटलं की नवऱ्याची दारू, सावकाराचं कर्ज, मारहाण, मुलगाच हवा म्हणून लागलेला तगादा, यांतलं काहीच कुणाला बदलावं लागत नाही. बाईने गोळी घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचं.

मग २०२२ साली काय झालं?

भाच्याने मोबाईलवर वाचलं ते काय होतं? जुलै २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांच्या सोबत्यांनी आतापर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. नैराश्य असलेल्यांत सेरोटोनिन कमी असतं, असा सातत्याने पुरावा मिळत नाही, असं त्यांनी लिहिलं. काही शास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. पण 'एक रसायन कमी, म्हणून नैराश्य' ही सोपी गोष्ट टिकत नाही, हे जाणकारांना आधीपासूनच दिसत होतं. निरोगी माणसाच्या अन्नातून सेरोटोनिन बनवायचा घटक काढून घेतला तरी त्याला सहसा नैराश्य येत नाही. गोळी मेंदूतल्या सेरोटोनिनवर काही तासांत काम सुरू करते, पण मन सावरायला दोन ते सहा आठवडे लागतात. नुसतं कमी पडलेलं भरायचं असतं, तर एवढा वेळ कशाला लागला असता? म्हणूनच रक्तातलं सेरोटोनिन मोजून नैराश्य ओळखता येत नाही. तशी तपासणी करा असं कुणी म्हटलं तर पैसे घालवू नका.

आता मुख्य मुद्दा. कारण चुकीचं सांगितलं, म्हणून गोळी निकामी ठरते का? नाही. डोकं दुखलं की आपण पॅरासिटॅमॉल घेतो. थांबतं. म्हणून अंगात पॅरासिटॅमॉल कमी पडलं होतं, असं आपण म्हणतो का? उपाय लागू पडला, एवढ्यावरून दुखण्याचं कारण कळत नाही. आणि कारण कळलं नाही, म्हणून उपाय खोटा होत नाही.

गोळी चालते की नाही, हे वेगळं तपासावं लागतं. ते तपासलंय. २०१८ साली ऑक्सफर्डच्या आंद्रेआ चिप्रियानी यांनी ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली. तपासलेली २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. खोटी गोळी म्हणजे आत औषध नसलेली. पण फरक फार मोठा नाही. साधारण हिशेब असा : सहा-आठ आठवड्यांत खोट्या गोळीवर शंभरातल्या २० ते ४० जणांना बरं वाटतं, खऱ्या गोळीवर ४० ते ६० जणांना. म्हणजे काहींना गोळी खूप उपयोगी, काहींना थोडी, काहींना नाहीच. आजार तीव्र असेल तर गोळीची गरज जास्त.

त्रासही होतात. मळमळ, झोपेत बदल, लैंगिक इच्छा कमी होणं. कोवळ्या वयाच्या मुलामुलींमध्ये सुरुवातीला जीव द्यायचे विचार वाढू शकतात. असा इशारा गोळ्यांवर छापायला अमेरिकेच्या सरकारने २००४ साली लावलं. म्हणून पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

गोवा आणि अमरावती

आपल्या जवळचीच दोन कामं सांगतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि संगाथ संस्थेने साध्या दवाखान्यांत येणाऱ्या लोकांबरोबर बरीच वर्षं काम केलं. २००३ मध्ये छापलेल्या त्यांच्या चाचणीत ४५० जण होते. फ्लुऑक्सेटिनची स्वस्त गोळी दोन महिन्यांनी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. तेव्हाचा बोलण्याचा उपचार मात्र सरस ठरला नाही. ते तिथेच थांबले नाहीत. उपचार बदलला, स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण दिलं. डॉक्टर नसलेल्या या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत माणसाला बोलतं करायचं, सोडून दिलेली छोटी-छोटी कामं पुन्हा सुरू करायला लावायची. २०१७ साली निकाल छापला : तीन महिन्यांनी या गटातले शंभरातले ६४ जण आजारातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांतले ३९. आणि बायांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाल्याचं दिसलं.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. तिथे गावातलेच कार्यकर्ते घरोघरी गेले, नैराश्याबद्दल बोलले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण मदत घेत होते, दीड वर्षाने २७ जण घेऊ लागले. या दोन्ही ठिकाणी गोळी होती, पण एकटी नव्हती.

ताई, तुम्हाला उत्तर

हे सगळं आम्ही त्या ताईंना जाऊन सांगितलं. त्यांची वहिनी सोबत होती. दोघी डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या आणि गोळी पुन्हा सुरू झाली होती. पुढे कधी थांबवायची ते डॉक्टरांशी बोलून, हळूहळू कमी करत थांबवायची, असंही ठरलं होतं. सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "ते कळलं. पण आता सासूबाईंना काय सांगू? रसायन तर गेलं."

त्यांचा हाच प्रश्न आम्हाला सगळ्यात मोठा वाटला. ताई, सासूबाईंना सांगा, तीन महिने मला झोप नव्हती, ते खरं होतं. ताटातली भाकरी तशीच राहायची, ते खरं होतं. विहिरीवर गेल्यावर मनात काय यायचं, तेही खरं होतं. आजार खरा आहे हे ठरवायला रसायनाची साक्ष लागत नाही. सी व्ह्यूच्या दवाखान्यात माणसं उठून बसली, तेव्हा सेरोटोनिनचं नावही कुणी घेत नव्हतं. पाहणाऱ्यांनी माणसाकडे पाहिलं होतं.

आणि तुम्ही बाकीच्या मैत्रिणी, गटाच्या वहीत हप्त्याबरोबर एवढं बघा : कोण दोन मीटिंगला आली नाही? आली तर बोलते का? तिच्या घरी जा. तिचं ऐका. 'असं काय करतेस, धीर धर' एवढं बोलून परत येऊ नका. तिला आशाताईकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. जीव द्यायचं कुणी बोलत असेल तर तिला एकटी सोडू नका. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी आहे, नंबर १४४१६. ती फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येतं.

ताई मागच्या मीटिंगला आल्या होत्या. पूर्ण बऱ्या झाल्यात असं आम्ही म्हणणार नाही. हप्ता भरला, चहा घेतला, आणि निघताना म्हणाल्या, "रेडिओवर सांगाल तेव्हा आवाज मोठा ठेवा. सासूबाईंना कमी ऐकू येतं."

तर आज आवाज मोठा ठेवलाय. नमस्कार.